कपाटातलं पाणी: कपडा घेण्यापासून चिंधी होईपर्यंत

माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे सकाळ उजाडते ती यंत्रमागाच्या खडखडाटानं. देशभरातल्या शर्टांचं, चादरींचं, अस्तरांचं कापड जिथं विणलं जातं, त्या गावाला प्यायचं पाणी मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्या नद्यांकडे मागावं लागतंय. पंचगंगा उशाशी वाहते. पण तिच्यात वरच्या अंगाला कोल्हापूरचं सांडपाणी मिसळतं, साखर कारखान्यांचं येतं आणि आमच्याच गावातल्या प्रोसेसमधलं, म्हणजे कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यांमधलं, रंगाचं पाणी काळ्या ओढ्यानं येऊन पडतं. म्हणून कृष्णेवर मजरेवाडीची योजना झाली. पुढं वारणेचं पाणी आणायचं ठरलं, मग दूधगंगेवर सुळकूडची योजना निघाली. दोन्ही वेळा त्या नदीकाठच्या लोकांनी विरोध केला, आणि मला त्यांचा राग समजतो. ज्यांनी स्वतःची नदी राखली नाही त्यांना आपण आपली का द्यावी, असं त्यांना वाटणारच.

त्यामुळे कपड्यांना लागणाऱ्या पाण्याचा विषय निघाला की मला आकड्याआधी तो ओढा आठवतो. हा लेख घर चालवणाऱ्या, कपडे विकत घेणाऱ्या, धुणाऱ्या कुणाहीसाठी आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच विचारातून निघाल्या आहेत: कपड्याला किती पाणी लागलं हे विचारा, पण त्याआधी ते पाणी कुणाचं होतं आणि वापरून झाल्यावर कुठं गेलं, हे विचारा.

आकडा कसा वाचायचा

एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. जीन्सच्या बाबतीत साडेसात हजार लिटर असं छापून येतं. लीव्हाय स्ट्रॉस कंपनीनं २०१५ साली आपल्या एका जीन्सचा हिशेब मांडला तेव्हा तो ३,७८१ लिटर निघाला. त्यातला ६८ टक्के वाटा कापूस पिकवण्याचा होता आणि २३ टक्के घरच्या धुण्याचा. जीन्स तीच, मग दोन हिशेबांत एवढा फरक कसा? कापूस कुठल्या रानात पिकला, त्याला पाऊस मिळाला की कालवा, हेक्टरी उतारा किती पडला, यावर सगळं अवलंबून असतं.

पाण्याचा हिशेब मांडणारे लोक पाण्याचे तीन रंग मानतात. पावसाचं, मातीत मुरून पिकानं प्यालेलं ते हिरवं. नदी, धरण, विहीर, बोअर यांतून उपसलेलं ते निळं. आणि घाण पातळ होऊन सुसह्य व्हावी म्हणून जेवढं स्वच्छ पाणी लागेल ते करडं. वर्तमानपत्रातला मोठा आकडा म्हणजे बहुतेक वेळा या तिघांची बेरीज असते, आणि तिथंच वाचणाऱ्याची फसगत होते.

आपल्याकडचंच बघा. देशात कापसाखालचं सर्वांत मोठं क्षेत्र महाराष्ट्रात आहे, आणि विदर्भ, मराठवाड्यातला कापूस बहुतांश कोरडवाहू आहे. म्हणजे त्याचं पाणी आभाळातून पडलं. त्या रानात कापूस नसता तर तूर असती, तिनं ते प्यालं असतं. तरीही भारतीय कापसाचा लिटरचा आकडा फुगलेला दिसतो, कारण आपला उतारा कमी आहे. जगात हेक्टरी सातशे किलोच्या वर रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, आपल्याकडे साडेचारशेच्या आसपास. तोच पाऊस कमी रुईत वाटला गेला की किलोमागचा आकडा वाढतो. शिवाय वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई असते जेमतेम एक तृतीयांश, बाकीची सरकी. तिचं तेल आपण खातो, पेंड म्हशी खातात. सगळा भार टी-शर्टावर टाकणं तसं न्याय्य नाही.

विदर्भातल्या कापसाचं मोठं दुखणं फवारणीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 'कापूस किती पाणी पितो' या एकाच प्रश्नात अडकलं की ही माणसं नजरेआड होतात.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे मध्य आशिया. तिथं १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं. एके काळी जगात चौथ्या क्रमांकाचा असलेला अरल समुद्र त्यात आटला. मोयनाक या जुन्या बंदरात मासेमारीच्या बोटी आज वाळूत उभ्या आहेत. तिथल्या कापसानं प्यालेलं पाणी सगळं निळं होतं, कुणाच्या तरी ताटातलं काढून घेतलेलं.

रंगखान्यात काय होतं

ही पायरी ग्राहकाला कधीच दिसत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबते.

मागावरून उतरलेलं कापड 'ग्रे' असतं, म्हणजे कोरं, पिवळसर, खळ लावलेलं. ते प्रोसेसला जातं. आधी खळ काढायची, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून कापसाचा मेणचटपणा काढायचा, मग ब्लीच, मग रंग, मग साबण, मग खळबळून धुणं, मग फिनिशिंग. या प्रत्येक टप्प्यानंतर कापड नव्या पाण्यात बुडतं आणि जुनं पाणी गटारात जातं. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात किलोभर कापडामागे शंभर लिटरच्या घरात पाणी सहज लागतं. कापूस पिकवण्याच्या मानानं हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे सगळं निळं पाणी असतं, एकाच गावातून उपसलेलं, आणि बाहेर पडताना ते रंगीत, गरम, खारट होऊन पडतं.

खारट का? सुती कापडावर आज बहुतेक रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीनं जोडले जाणारे रंग, वापरतात. तो रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं, गडद छटा असेल तर लिटरला पन्नास ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. एवढं करूनही रंगाचा बराचसा भाग, पाव हिश्श्यापर्यंत, धाग्याला न चिकटता धुऊन निघून जातो. रंग डोळ्यांना दिसतो, त्याबद्दल ओरड होते. मीठ दिसत नाही, आणि साध्या शुद्धीकरणात ते निघतही नाही.

याचा धडा तमिळनाडूतल्या तिरुप्पूरनं घेतला. आपल्या अंगावरचे बनियन, टी-शर्ट मोठ्या संख्येनं तिथूनच येतात. रंगखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जायचं आणि खाली ओरत्तुपाळयम धरणात साठायचं. शेतीसाठी बांधलेल्या धरणाचं पाणी शेतीलाच चालेना, विहिरी खाऱ्या झाल्या. शेतकरी कोर्टात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले सातशेच्या आसपास रंगखाने बंद करायला सांगितले: सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडणार नाही अशी व्यवस्था करा, मगच सुरू करा. त्यानंतर ज्यांनी ती यंत्रणा उभारली ते आता पाणी गाळून, मीठ वेगळं काढून तेच पाणी पुन्हा वापरतात. याला खर्च येतो, वीज लागते. नव्याण्णव रुपयांच्या टी-शर्टात तो खर्च कसा बसला असेल, हा प्रश्न मी दुकानात उभी असताना स्वतःला विचारते.

आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ निळी कुत्री फिरताना दिसली होती. कासाडी नदीत सोडलेल्या रंगद्रव्याच्या पाण्यात ती उतरली होती. ते फोटो जगभर फिरले, एका कारखान्यावर कारवाईही झाली.

इथून पुढं आपल्या हातातलं काम.

पायरी १: कपाट रिकामं करा आणि मोजा

एका रविवारी घरातले सगळे कपडे पलंगावर काढा. तीन ढीग करा. गेल्या वर्षभरात किमान दहा वेळा घातलेले एकीकडे, दोन-चार वेळा घातलेले दुसरीकडे, आणि एकदाही न घातलेले तिसरीकडे. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कपड्याचं कारण एका कागदावर लिहा: घट्ट होतो, रंग आवडत नाही, बटण तुटलंय, ब्लाउज शिवायचा राहिला, कुणीतरी आहेर दिला. आमच्या घरी हे केलं तेव्हा निम्म्याहून अधिक कारणं सुई-दोऱ्यानं सुटणारी निघाली. हा कागद जपून ठेवा, पुढच्या खरेदीला तोच उपयोगी पडतो.

आता छोटं गणित. टी-शर्टाचे २,७०० लिटर धरा. दहा वेळा घालून टाकला तर दर वेळी २७० लिटर पडलं. शंभर वेळा घातला तर २७. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेनं हिशेब केला होता की कपडा नेहमीपेक्षा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा पाण्यावरचा आणि हवेवरचा बोजा २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. कुठलंही प्रमाणपत्र, कुठलाही नवा धागा एवढा फरक सहज पाडत नाही. पर्यावरणासाठी म्हणून जुने कपडे काढून टाकून नवे 'शाश्वत' कपडे भरण्याचा उत्साह काही जणांना येतो. तो आवरा. कपाटातल्या कपड्यासाठी जे पाणी जायचं ते गेलेलं आहे.

पायरी २: धुणं मोजा

आपल्या मशीनला किती पाणी लागतं हे कंपनीच्या कागदावर शोधू नका. सांडपाण्याचा पाइप बादलीत धरा आणि मोजा. आमच्या टॉप लोड मशीननं एका धुण्यात १८ लिटरच्या सात बादल्या भरल्या, म्हणजे १२६ लिटर. फ्रंट लोड मशीनला साधारण पन्नास-साठ लिटर पुरतात. हातानं धुणाऱ्यांनीही मोजावं. वाहत्या नळाखाली खळबळणारा माणूस मशीनपेक्षा जास्त पाणी सोडतो, आणि तीन बादल्या ओळीनं मांडून धुणारी बाई दोन्ही मशीनना मागं टाकते.

मग या गोष्टी बदला.

कपडा धुवायचा की नाही हे सवयीनं ठरवू नका. बनियन, अंतर्वस्त्रं, मोजे, घामेजलेले सुती कपडे रोज धुवावेत, आपल्या हवेत त्याला इलाज नाही. पण जीन्स, जाकीट, स्वेटर, थोडा वेळ घातलेला कुर्ता, समारंभाची साडी यांना नुसतं वाऱ्यावर टाकलं तरी चालतं. जीन्स दोन वेळा घालून धुण्याऐवजी सात-आठ वेळा घाला, डाग पडला तर तेवढाच ओल्या फडक्यानं पुसा. ती जास्त टिकेल, रंगही कमी उतरेल.

मशीन भरल्याशिवाय लावू नका. अर्ध्या भरलेल्या मशीननं कपड्यामागचं पाणी जवळपास दुप्पट होतं.

साबण निम्मा करून बघा. पुष्कळ घरांत तिसऱ्यांदा खळबळावं लागतं ते मळामुळे नाही, फेसामुळे. पाणी जड असेल, म्हणजे बोअरचं, तर फेस येतच नाही आणि माणूस साबण वाढवत जातो. अशा ठिकाणी कपडे आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, कॉलर-कफवर थोडा साबण हातानं चोळा, मग मशीनला लावा.

शेवटच्या खळबळण्याचं पाणी सोडून देऊ नका. ते पुढच्या धुण्याला भिजवायला, अंगण धुवायला, संडासात टाकायला चालतं. पहिलं, साबणाचं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका, मातीत क्षार साठतात.

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं आपल्या आया सांगायच्या. आजच्या रंगांना ते लागू होत नाही. कारखान्यात जो रंग धाग्याशी जोडला गेला नाही तो घरच्या मिठानं जोडला जात नाही. पहिल्या दोन-तीन वेळा गार पाण्यात, एकटा, झटपट धुवा आणि उलटा करून सावलीत वाळवा, एवढं पुरतं.

पॉलिस्टर आणि ॲक्रिलिकच्या कपड्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना पिकवायला पाणी लागत नाही, पण धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं तेव्हा ॲक्रिलिकच्या सहा किलो धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू निघाले. ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातात. हे तंतू पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त सुटतात. म्हणून घरात असलेला जुना पॉलिस्टर कपडा फेकू नका, तो त्याच्या वाईट काळातून गेलेला आहे. मशीन पूर्ण भरा, गार पाणी घ्या, धुण्याची वेळ कमी ठेवा. आणि मऊ, केसाळ फ्लीसचे स्वस्त जाकीट घेण्याआधी विचार करा.

पायरी ३: सुई, दोरा आणि कोपऱ्यावरचा टेलर

दुरुस्ती येत नाही म्हणून किती कपडे मरतात! चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला, मुलग्यांनाही, यायला हव्यात: बटण लावणं, उसवलेली शिवण धावदोऱ्यानं घालणं, कड दुमडून हातशिलाई करणं आणि आतून ठिगळ लावणं. बटण लावताना कापड आणि बटण यांच्यामध्ये एक काडी धरा, टाके झाले की काडी काढून त्या मोकळ्या जागेत दोरा चार-पाच वेळा गुंडाळा. असं लावलेलं बटण वर्षानुवर्षं निघत नाही.

बाकीचं टेलरकडे. कपडे शिवून घेताना 'आत मार्जिन ठेवा' असं बजावून सांगा. दोन्ही बाजूंना इंचभर कापड असेल तर अंग सुटलं, बारीक झालं तरी कपडा पाच-सहा वर्षं अंगाबरोबर चालतो. तयार कपड्यांत हे मार्जिन नसतं, तिथं कापड वाचवलेलं असतं. मुलांच्या फ्रॉकला, पँटला खाली दोन-अडीच इंचांची दुमड ठेवून घ्या. साडीला फॉल लावला की काठ झिजत नाही, आणि फॉल झिजला की बदलता येतो. ही साधी युक्ती कुठल्याही जाहिरातीतल्या 'टिकाऊ फॅशन'च्या तोडीची आहे. रफू करणारे कारागीर आता कमी झालेत. तुमच्या गावात कुणी असेल तर त्यांचा नंबर शेजारपाजारच्यांनाही द्या.

लग्नकार्यासाठी शेरवानी, घागरा, तयार नऊवारी भाड्यानं मिळते. एकदाच घालायचं असेल तर तेच बरं.

पायरी ४: घ्यायचंच असेल तर

कपाटाचा कागद बरोबर न्या. जे नाही तेच घ्या. दुकानात उभं राहिल्यावर मी या क्रमानं बघते.

आधी रंग. सगळ्यात कमी पाण्याचा कपडा म्हणजे ज्याला रंगच लागला नाही तो. आपल्याकडे अशा कापडांची मोठी परंपरा आहे. मांजरपाट हे त्यातलं सगळ्यांत साधं, ना ब्लीच ना रंग. कोरी खादीही तशीच. धनगरांची घोंगडी मेंढीच्या लोकरीच्या मूळ काळ्या-करड्या रंगातच विणतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत बोंडातच तपकिरी रंगाचा निघणाऱ्या कापसावरही काम झालं आहे. कोरं कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. रंगीत घ्यायचं असेल तर फिकट छटेला गडद काळ्या-निळ्यापेक्षा रंग आणि मीठ कमी लागतं. जीन्स घेताना आधीच विटवलेली, घासलेली, पांढरे पट्टे पाडलेली घेऊ नका. तो जुनेपणा बहुतेक वेळा वारंवार धुवून आणि रसायनं फवारून आणलेला असतो. साधी गडद जीन्स घ्या, जुनी तुम्हीच करा.

एक छोटी परीक्षा: पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर घासा. रुमालाला ठळक रंग लागला तर कारखान्यात तो नीट धुतलेला नाही, आणि उरलेला रंग तुमच्या न्हाणीघरातून नदीत जाणार आहे.

'नैसर्गिक रंग' एवढंच वाचून निश्चिंत होऊ नका. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, तुरटी यांचं पाणी निश्चितच सौम्य असतं, पण पाणी लागतंच, आणि पुष्कळ लागतं. कच्छमधल्या धमडका गावातले अजरख हे ठशांचं कापड छापणारे खत्री कारागीर नदीकाठी राहिले ते धुण्यासाठीच. नदी आटली, भूजल खाली गेलं, पाण्यातलं लोह वाढलं. २००१ च्या भूकंपानंतर त्यातल्या अनेक कुटुंबांनी पाण्याच्या शोधात अजरखपूर हे नवं गाव वसवलं. नैसर्गिक रंगाचं कापड घ्या, आवर्जून घ्या, पण ते मोजकं घ्या आणि जपा.

मग धागा. सुती आणि पॉलिस्टरची सरमिसळ टाळता आली तर टाळा, कारण जुनं झाल्यावर ते धागे वेगळे करणं फार अवघड असतं. 'बांबूचं कापड' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. अमेरिकेत त्याला रेयॉन म्हणूनच लेबल लावावं लागतं. व्हिस्कोसच्या कुळातलाच लायोसेल जास्त बरा, कारण त्यात लगदा विरघळवणारं रसायन जवळपास सगळं परत मिळवून वापरतात. प्रदर्शनात कुणी 'प्युअर कॉटन' म्हणून काही दिलं आणि शंका आली, तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो.

मग विण आणि शिलाई. कापड उजेडासमोर धरा, विण सगळीकडे सारखी आहे का बघा. टी-शर्ट घडी घालून बघा, बाजूची शिवण पुढं वळलेली असेल तर धुतल्यावर आणखी पिळेल. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या.

सगळ्यात शेवटी लेबल. गॉट्स (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या शिक्क्यात धाग्याबरोबर रंगखान्यातल्या रसायनांची आणि सांडपाण्याचीही तपासणी येते, म्हणून नदीच्या दृष्टीनं मी तो सर्वांत वर ठेवते. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० चा शिक्का तयार कपड्यात घातक द्रव्यं उरली नाहीत एवढंच सांगतो. ते तुमच्या त्वचेसाठी चांगलं आहे, ओढ्यात काय गेलं हे त्यातून कळत नाही. बेटर कॉटनच्या शिक्क्यामुळे शेतकऱ्याच्या पद्धती सुधारायला हातभार लागतो, पण त्याच्या जुन्या शिक्क्याच्या शर्टात तो कापूस प्रत्यक्ष असेलच असं नव्हतं. हातमागाचा आणि खादीचा शिक्का कापड कसं विणलं हे सांगतो, रंगाबद्दल मात्र वेगळं विचारावं लागतं.

आणि नुसतं 'इको', 'ग्रीन', 'कॉन्शस' असं छापलेलं असेल, मागं काही तपशील नसेल, तर तो नुसता कागद आहे.

पायरी ५: विचारत राहा

दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे: याला रंग कुठं लागतो? तिथलं पाणी कुठं जातं? पहिल्या वेळी उत्तर मिळणार नाही. मॉलमधल्या मुलीला खरंच माहीत नसतं, तिच्याशी वाद घालू नका. पण ब्रँडच्या ग्राहकसेवेला लिहा, आणि लहान उद्योजिका, बुटीकवाली, हातमागाची संस्था यांना समोर विचारा. यांना बहुतेक वेळा रंगारी नावानिशी माहीत असतो. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. तिथं नैसर्गिक रंगाची खादी मिळते आणि कापसापासून कापडापर्यंतचा प्रवास विचारताही येतो. शाळेचे गणवेश, सोसायटीच्या मॅरेथॉनचे टी-शर्ट, गणेश मंडळाचे एकसारखे कुर्ते या घाऊक खरेदीत तर हे प्रश्न जरूर विचारा. शंभर-दोनशे नगांची ऑर्डर असली की समोरचा माणूस उत्तर शोधून आणतो. मंडळाला दरवर्षी नवा टी-शर्ट हवाच का, हेही तिथंच विचारून टाका. वर्ष न छापता नुसतं मंडळाचं नाव छापलं तर तोच टी-शर्ट तीन गणपती चालतो.

पायरी ६: कपड्याला निरोप

घालण्याजोगा कपडा आधी ओळखीत फिरवा. आतेभाऊ-मामेबहिणींचे कपडे घालून आपण मोठे झालो, त्यात लाज नव्हती. मग बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका पिढ्यान्‌पिढ्या कपडा पुन्हा बाजारात आणतात. त्यांच्याशी एका पातेल्यासाठी फार घासाघीस करू नका. गूंजसारख्या संस्थेला द्यायचं असेल तर धुऊन, बटणं लावून, घडी करून द्या. फाटकं, डागाळलेलं देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

अगदी विरलेला कपडा दूर हरयाणात पानिपतला पोचू शकतो. तिथं जगभरातले जुने लोकरी आणि मिश्र कपडे फाडून, पिंजून त्यांची पुन्हा सूतकताई होते आणि स्वस्त ब्लँकेटं बनतात. पण जुन्या कपड्यापासून पुन्हा तसाच नवा कपडा होण्याचं प्रमाण जगात एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे 'रिसायकलच्या पेटीत टाकला' म्हणजे काम झालं, असं धरू नका.

उरलेलं सुती सगळं घरात ठेवा. तान्ह्या बाळाला दुपटी, फडकी, पोतेरी, गॅरेजवाल्याला पुसायला. पॉलिस्टरच्या चिंध्या मात्र चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, त्यांचा धूर वाईट असतो.

आणि गोधडी. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. दोन जुन्या सुती साड्या, एक वर आणि एक खाली, मध्ये विरलेले धोतराचे, शर्टाचे, चादरीचे तुकडे सपाट पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. चारी बाजूंनी कच्चे टाके घालून घ्यायचे. मग कडेपासून आत, चौकोनाच्या आत चौकोन, जाड दोऱ्यानं धावदोरा. टाका बोटाच्या पेराएवढा, जास्त मोठा नको, नाहीतर पाय अडकून तुटतो. रोज तासभर बसलं तर महिनाभरात होते. वरची साडी विरली की तिच्यावर दुसरी जुनी साडी घालायची. आमच्या घरातल्या एका वाकळेत चार थर आहेत, सगळ्यात आत आजीचं हिरवं लुगडं आहे.

ती धुवायला पूर्वी दसऱ्याच्या आधी बायका पंचगंगेवर जायच्या. आता आम्ही गच्चीवर धुतो. मोठ्या टबात आदल्या रात्री पावसाच्या साठवलेल्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी रिठ्याचं पाणी घालून पायांनी तुडवायची, दोनदा स्वच्छ पाणी बदलायचं. पिळायची नाही, टाके तुटतात. कठड्यावर टाकून निथळू द्यायची, मग दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी उलटीपालटी करून वाळवायची.